काकूंच्या वर्तुळाचा चौथा भाग

अन्याय आमच्या लाइनवरच्या काकूंवर झाला. गेल्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, इथे अमेरिकेत, शॉमबर्गजवळच्या आमच्या प्लांटमध्ये, सगळ्यांच्या देखत. मी तिथे होते आणि गप्प होते. हेही लिहून ठेवते, उगाच मला कुणी शूर समजायला नको.

प्लांट जपानी कंपनीचा. आम्ही गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बनवतो. भिंतीवर फळा आहे. प्रत्येकाच्या नावापुढे एक वर्तुळ, त्याचे चार भाग. पहिला रंगवला म्हणजे काम बघितलंय. दुसरा, मदतीने जमतं. तिसरा, एकट्याने जमतं. चौथा, दुसऱ्याला शिकवता येतं. चौथा भरला की माणूस ट्रेनर होतो आणि दिवसभर उभं राहणं सुटतं. काकूंचे गुडघे गेलेत. बारा वर्षं त्यांचे तीनच भाग रंगलेले आहेत.

जपानी पद्धतीने नव्या इंजिनिअरलाही आधी सहा महिने लाइनवर उभं करतात. मी एम.एस. करून आले, पण तारेच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवता येत नव्हतं. काकूंनी शिकवलं. "जास्त दाबलंस तर आतले धागे तुटतात, कमी दाबलंस तर तार निसटते. डोळ्यांनी काय बघते पोट्टे, ओढून बघ. अन् डिग्री ठेव बाजूला, हाताला अडते ती." असे आम्ही नऊ जण त्यांच्या हाताखाली तयार झालो.

आमचे मॅनेजर पुण्याचे. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये चिवडा खात 'जपानी शिस्त' यावर भाषणं देतात. आयुष्यात एक तार सोललेली नाही. पण स्लाइडवर चेरीचं फूल टाकलं की आपण गुरू झालो, असा यांचा समज.

त्या सोमवारी जपानहून एक वयस्कर प्रशिक्षक आले होते. त्यांनी माझी तार ओढली, पुन्हा ओढली, खूश झाले. दुभाष्याकरवी विचारलं, "तुला कुणी शिकवलं?"

मी तोंड उघडायच्या आत मॅनेजर म्हणाले, "अवर ट्रेनिंग प्रोग्राम, सर." आणि मार्कर घेऊन माझा चौथा भाग रंगवून टाकला. काकू चार हातांवर उभ्या होत्या.

लंचला मी म्हटलं, "सॉरी काकू."

"डबा खा. थंड होतोय."

"तुम्ही का नाही बोललात?"

"मला विचारलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. माझा चौथा भाग पुसा म्हटलं. "सिस्टिममध्ये गेलाय." मग काकूंचा भरा. "अगं यार, त्यांचं इंग्लिश बघ ना. ट्रेनर प्रेझेंटेबल हवा." पाहुण्यांपुढे जपान, काकूंपुढे इंग्लिश!

फळ्याचे नियम मी मागवून वाचले. त्यात इंग्लिशचा शब्दसुद्धा नाही. शिकलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी 'मला यांनी शिकवलं' असं सही करून द्यायचं, बस्स. म्हणजे पाच सह्या. झाली आहे एक, माझी. बाकीचे आठ जण आता खुर्चीत बसतात. एक म्हणाला, व्हिसाचं काय? माझाही व्हिसा याच कंपनीच्या हातात आहे, बाबा. दुसऱ्याने मेसेज वाचून अंगठा पाठवला. अंगठा! सही मागितली होती.

आठांनो, हे तुम्ही वाचताय, मला माहीत आहे. आणि वाचणारे तुम्ही आठांपैकी नसाल, तरी त्यांच्यातल्या एकाला नक्की ओळखता. मंडळाच्या पंगतीला शेजारी बसता. कागद माझ्याकडे आहे. चार सह्या हव्यात. येत्या सोमवारी सकाळी शिफ्टच्या आधी प्लांटच्या गेटवर या, नाहीतर त्याला दंडाला धरून घेऊन या. सही करा.