सरजामावशीचा परवा

लग्न होऊन मी झरीला आले तेव्हा आमच्या आणि सरजाबाईच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती. मी तिला मावशी म्हणायची. तिच्या उंबऱ्याच्या आत पुरुषाच्या जुन्या वहाणा होत्या, अंगठे घराकडे केलेल्या. माणूस आत्ताच आत गेला असावा तशा. शेजारी पाण्यानं भरलेला, वर झाकण ठेवलेला पितळी तांब्या. मी डोक्यावर पदर ओढला आणि हळूच विचारलं, "मामा घरात हायत का?"

"न्हाईत. परवा येनार हायत."

मी खरंच दोन दिवस पदर सांभाळून वावरले. कुणी आलं नाही. मग आमच्या घरच्यांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात तिचे मालक, सूर्यभानमामा, काम बघायला पिंगळी स्टेशनावरून गाडीत बसले. निघताना "परवा येतो" म्हणाले. त्याला दोन वर्षं झाली होती. ना चिठ्ठी, ना निरोप.

मावशीच्या बोलण्यात काल नव्हता आणि उद्याही नव्हता. परवाच होता. "परवा मामांनी अंबाडीची भाजी लय खाल्ली," हा दुष्काळाआधीचा परवा. "परवा मामा आले की छपराला पत्रा टाकू," हा पुढचा. आपल्या भाषेनं मागच्याला आणि पुढच्याला एकच शब्द दिलाय, त्यात ही बाई अडकली. आज छपरातून पाणी गळायचं. ती पातेलं सरकवायची आणि खुरपायला निघून जायची.

तांब्याचं मात्र मला भ्या वाटायचं. दिवेलागणीला ती तो काठोकाठ भरायची. सकाळी पाणी दोन बोटं खाली गेलेलं असायचं.

"बघ, पेलं," ती मला भिंतीवरून दाखवायची.

"मांजर असंल, मावशी."

"मांजर झाकन पुन्हा लावून जातंय व्हय?"

मी संध्याकाळी बुद्धाच्या फोटोपुढे त्रिसरण म्हणायला बसले की कान त्या दाराकडेच असायचे. एकदा विहारात भंतेजींनी अनित्याचं सांगितलं, जे आलं ते जातं. घरी येताना मी बरोबरच्या मावशीकडे पाहिलं. ती म्हणाली, "अनित्य असंल बाई. पन त्यांनी परवा म्हनलंय."

तिला एकच लेक, सत्यशीला. पोरगी एकोणीस वर्षांची झाली, पिंगळीच्या सितारामचा मुलगा पंडित तिला पसंत होता. मावशीलाही स्थळ पटलं.

"का पटलं ठाऊक हाय का, वैनी?" सत्यशीला मला म्हणाली. "तितं स्टेशन हाय. गाडीतून कोन उतरलं ते बघायला तिला मानूस पाहिजे."

पण तारीख ठरेना. बाप आल्याशिवाय लग्न नाही, हा मावशीचा हट्ट. सिताराम तीनदा आला, तीनदा चहा पिऊन गेला. गल्लीतले म्हणायचे, "सरजाबाई, तुमचा परवा लय लांबला की." सत्यशीला हसायची नाही. तिच्या बरोबरीच्या पोरींची लेकरं चालायला लागली होती. ही अजून त्याच उंबऱ्यात वहाणांवरची धूळ झटकत होती.

चौथ्यांदा आला तेव्हा सितारामनं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. "सरजाबाई, आता शेवटचं इचारतो. लग्न कदी?"

मावशी तांब्या घासत होती. वर न बघता म्हणाली, "परवा."

"पक्कं?"

"परवा म्हनलं ना."

तो उठला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सत्यशीलानं पांढरं पातळ धुऊन भिंतीवर वाळत घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत बैलगाड्यांचा आवाज आला. मावशी हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. "आले! सत्ये, पानी दे पायावर!" तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, पुन्हाही ऐकला नाही. दारात दोन गाड्या, वीस माणसं. पुढे सिताराम. मावशीनं एकेक तोंड पाहिलं. सगळी तोंडं पाहून झाली.

"तुमीच परवा म्हनलं," सिताराम हात जोडून म्हणाला. "आज परवा हाय."

मावशीनं लेकीकडे पाहिलं. सत्यशीला आमच्यात नवरी नेसते ते पांढरं पातळ नेसून तयार उभी होती. मग मावशीनं हाताचं पीठ पदराला पुसलं. "या," ती म्हणाली. "सावलीत बसा."

लग्न लागलं. मावशीनं शेजारी एक जागा रिकामी ठेवली, तिथं कुणाला बसू दिलं नाही.

गाडीत चढताना सत्यशीला रडत म्हणाली, "येते माय. परवा येते."

मावशीनं तिचं मनगट घट्ट धरलं. "परवा म्हनू नगंस. वार सांग."

"आयतवारी."

"आयतवारी," मावशी म्हणाली, आणि मनगट सोडलं.

त्या संध्याकाळी तिनं तांब्या भरला. सकाळी मी भिंतीपाशी गेले तेव्हा ती झाकण हातात घेऊन बसली होती. पाणी काठोकाठ होतं. दुसऱ्या सकाळीही तसंच. मी मांजराचं नाव काढलं नाही.

आयतवारी सत्यशीला आली. मावशीनं तिला उंबऱ्यातच थांबवलं आणि तांब्या पुढे केला.

"पी. सवय हाय तुला."

सत्यशीलानं मान खाली घातली. दोन बोटं पाणी प्यायली. मावशीनं तांब्या घेतला, झाकण लावलं आणि जागेवर ठेवला.

वहाणा तिथंच होत्या, अंगठे घराकडे.