बंदुकीला उसना बाप नको

सासूबाईंची बंदूक चंदीगडला आली ती होल्डॉलमधून, नऊवारीत गुंडाळून. ठासणीची, म्हणजे दारू-गोळी तोंडातून भरायची; साताऱ्याकडच्या घरात दर खंडेनवमीला पुजलेली. पंजाबात तेव्हा रोज माणसं मारली जात होती आणि आमच्या सेक्टरात दूधवाल्याचे कॅनही तपासले जात. हत्यारं ठाण्यात दाखवा, असा हुकूम निघाला. मी बंदूक सायकलरिक्षात आडवी घातली, सासूबाईंना शेजारी बसवलं आणि वरातीसारखी निघाले.

ठाणेदारानं नळीवरून बोट फिरवलं. "मॅडम, कंपनी का नाम नहीं. चोरी से बनी है. बनानेवाला बताओ, पुरानी निकली तो रखो. आठ दिन में नहीं बताया तो भट्टी में."

नाव का नाही, ते मला पक्कं ठाऊक होतं. सासूबाई दरवर्षी तिला चिंच आणि राख लावून समईसारखी घासायच्या. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई. इतक्या चिंचेपुढे कुणाचं नाव टिकणार?

शहरालगतच्या मनीमाजऱ्यात बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे सरदारजी होते. त्यांनी नळीत डोकावून आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, मोजले. "सात. हाथ से काटे हैं. बहुत पुरानी चीज़ है." मग आवाज उतरवून म्हणाले, "बीबीजी, विलायती कंपनी का ठप्पा मार दूँ? आधे घंटे का काम. ठाणेदार सलाम ठोकेगा."

मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण सासूबाईंना तेवढं हिंदी बरोबर कळलं.

"सांग त्यांना," त्या म्हणाल्या, "पोरीला उसना बाप नको."

मी शब्दन् शब्द सांगितला. सरदारजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि लाकडी दस्त्यातली खीळ ठोकून बाहेर काढत त्यांनी नळीच उचलून बाजूला ठेवली. खालची बाजू काळीकुट्ट. चिंच तिथवर कधी पोचलीच नव्हती. तिच्यावर कोरलेली एक ओळ. त्यांना वाचता येईना, मलाही येईना.

सासूबाईंनी चष्मा लावला. त्या कुलकर्ण्यांची लेक. "मोडी आहे गं. आपलंच गाव. वेशीजवळचा लोहार. अगं, त्याच्या पणतवंडांकडूनच विळ्या घेतो आपण."

सरदारजी आपणहून आमच्याबरोबर ठाण्यात आले. ठाणेदारानं नळीखालची ओळ पाहिली, माझ्याकडून तिचा अर्थ ऐकला आणि मिशीत हसला. "लोहार? तो देसी ही हुई ना, चोरी की."

"हां, देशी," सासूबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "मैं देशी, तू भी देशी. लिख."

त्यानं सरदारजींकडे पाहिलं.

"लिख दे, पुत्तर," ते म्हणाले. "तेरे दादा से भी बड़ी है. ज़बान मैं देता हूँ."

कंपनीच्या रकान्यात त्यानं 'गाँव का लोहार' लिहिलं, पुढे 'पुरानी, शोभा की वस्तु', आणि शिक्का मारला. बंदूक वरातीनंच घरी परतली.

त्या खंडेनवमीला सासूबाईंनी सवयीनं चिंचेची वाटी पुढे ओढली. मी ती उचलली आणि सरळ आमटीत ओतली.