बटणात नसलेला मेसेज

भुताखेतांवर आपला काडीचा विश्वास नाही. मी सॉफ्टवेअरवाला... भूत समोर आलं तरी आधी रिस्टार्ट करून बघीन.

राहतो सौंसरला. पांढुर्ण्याच्या एका खासगी दवाखान्यासाठी ॲप बनवलं. आयसीयूबाहेर नातेवाईक ताटकळतात, आतलं कोणी काही सांगत नाही. म्हणून आत सिस्टरनं बटण दाबायचं, बाहेर मोबाईलवर मेसेज. बटणं तीनच. टाइप करायची सोयच नाही. आणि पहिला पेशंट कोण? माझाच मामा! न्यूमोनिया, तोंडात नळी.

पहिला मेसेज गेला— 'रुग्ण स्थिर आहे.' मामीनं वाचला आणि हंबरडाच फोडला.

"काहून मामी, काय झालं?"

"स्थिर म्हणते ना रे! म्हणजे हालून नाही राहिले!"

झालं! अख्खा व्हरांडा रडायला लागला. रामाकोन्याचे पाहुणे तर मामाला घरी न्यायची गाडी ठरवायला निघाले. मी सिस्टरला बाहेर आणलं, शपथा घेतल्या. मामी ढिम्म. "तुह्या मशीनचं मले सांगू नको. ते सोता सांगतीन तवाच जेवीन."

शुगरवाली बाई, सकाळपासून उपाशी. डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "आता यांनाही भरती करू का?"

दुपारी मामीचा फोन वाजला.

'ठमे, जेवून घे वं. झोपून राहिलो, मेलो नाही.'

मामीनं डोळे पुसले, डबा उघडला. "पाहाय! असं लिहा लागते."

मी लिहिलंच नव्हतं हो! 'ठमी' हे नाव मामा एकटाच घेतो, मलाही तेव्हाच कळलं. सिस्टर केरळची, तिला ही बोली येत नाही. कोड ओळ न् ओळ तपासला, ते वाक्य कुठेच नाही. सर्व्हरवर नोंद फक्त 'स्थिर'ची. मामा बरा होऊन घरी आला तेव्हा त्यालाच विचारलं.

"तोंडात पाइप होता माह्या. मलेच काय विचारून राहिला बे? इंजिनिअर तू का मी?"

वैताग असा, की ही गोष्ट गावभर झाली. परवा दवाखान्यात बोरगावची एक बाई, नवरा आत, डबा तसाच बांधलेला, मोबाईल दोन्ही हातांत धरून बसलेली.

"भाऊ, आमच्या ह्यायचा मेसेज केव्हा येईन?"

काय सांगणार, कप्पाळ? म्हटलं, "नेटवर्क स्लो आहे, ताई. तोवर जेवून घ्या."

जेवली बिचारी. नेटवर्क फुल होतं.