अधांतरी तार

माझ्या हुशारीची एक गोष्ट सांगतो. तिच्यात फजिती आहे, आणि तीही माझीच, पण चहा संपेपर्यंत ऐकून घ्या.

पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. कासारवाडीपासून निगडीपर्यंत इंटर सायन्स झालेला मी एकटाच, निदान मी तरी तसं सांगत फिरायचो. तिथल्या विजेच्या खात्यातल्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि नोकरी लागायच्या आधीच मी चिंचवडभर पेढे वाटले. आता ती न मिळवता घरी जायची सोय होती का, तुम्हीच सांगा.

साहेबांनी टेबलावर मोठा चुंबक मांडला होता. त्याच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तार सुतळीने आडवी टांगलेली. म्हणाले, "तारेतून एवढीच वीज सोडा, की तिचं वजन चुंबकाच्या जोरावरच पेललं जाईल. सुतळी सैल पडली पाहिजे."

हात्तिच्या! मी चार ओळींत गणित मांडलं. पण नुसतं करून दाखवलं तर तो मी कसला?

"साहेब, सुतळी काढा. शिवणाचा दोरा द्या, तोही एकच पदर. तार जेमतेम पेलेल एवढाच."

"तुटला तर?"

"त्याच्यावर भार येणारच नाही, साहेब."

आमच्याच आळीतला म्हादू शिपाई दारातून मान उंचावून बघत होता. मी पुस्तकातल्या बोटांच्या नियमाने तीन बोटं ताठ करून विजेची दिशा ठरवली, बॅटरी जोडली आणि ऐटीत खटका दाबला.

वर जायची ती तार खाली खेचली गेली. दोरा तुटला, तार थेट खाली ठेवलेल्या उघड्या दौतीत, आणि शाई साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"तरंगली न्हाई, बुडाली की," म्हादू म्हणाला.

साहेबांनी शांतपणे माझा कागद तपासला. "आकडा अगदी बरोबर आहे. जेवढ्या जोराने तार उचलायची, तेवढ्याच जोराने तुम्ही ती खाली ओढलीत. दोऱ्यावर भार दुप्पट. बोटांचा नियम कोणत्या हाताने लावलात?"

"उजव्या, साहेब."

"पुस्तकात डावा आहे. हात बदलला की दिशा उलटी."

"ठाऊक आहे, साहेब. पण नोकरीचं शुभकार्य, त्यात डावा हात कसा पुढे करायचा? आई काय म्हणेल?"

साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "उद्यापासून या. गणित पक्कं आहे तुमचं. पण इथे डावा म्हणजे डावाच."

खरं सांगतो, एवढी शाई सांडूनही माझी छाती फुगली होती. आकडा बरोबर होता ना!

"आता नाही चुकणार, साहेब," म्हणालो, आणि शेकहँडला दणक्यात डावा हात पुढे केला.