पासष्ट किलोंचे मापारी मामा

आमचे मापारी मामा लग्नाच्या पंगतीत बसले म्हणजे वाढप्यांना दम लागे. आणि त्यानंतर चार-सहा दिवस त्यांच्यापुढे कितीही सुग्रास अन्न ठेवले तरी अर्ध्या भाकरीवर त्यांचा हात थांबे. देऊळगाव राजाच्या बाजारात धान्य मोजून देणे हे त्यांचे काम, पण तेथे त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. कचेरीसमोर अर्ज लिहिण्याचा माझा व्यवसाय असल्यामुळे संपूर्ण नाव मला ठाऊक होते. तरी मीही त्यांना मामाच म्हणत असे.

मण-शेर जाऊन किलो नुकतेच आले होते आणि नव्या वजनांवर कोणाचाच भरवसा नव्हता. मामांचे वजन मात्र नेहमी पासष्टच भरे, म्हणून बाजाराच्या दिवशी सकाळी ते स्वतः मोठ्या काट्याच्या एका पारड्यात मांडी घालून बसत आणि दुसऱ्यात पासष्ट किलोंची वजने ठेवली जात. दांडी सरळ राहिली की धान्याचे माप सुरू होई. मामा म्हणत, "लोखंड घासता येते, मुन्शीजी. मले कोण घासते?"

एका लग्नसराईत मामांनी ओळीने पाच पंगती गाजवल्या. पुढच्या बाजारी ते पारड्यात बसले आणि पारडे जमिनीला टेकले. समोर आणखी दोन किलो टाकले तेव्हा कोठे दांडी सरळ झाली. सर्वांत मोठे खरीददार किसनशेट कडाडले, "वजनं घासून हलकी केली यानं! शेतकऱ्याचा फायदा करून राह्यला!"

"वजनं तेच हायेत, शेटजी. मीच पाच लग्नं जेवून आलो."

शेटजी तडक माझ्याकडे आले. मापारी बदलण्याविषयीचा अर्ज मी लिहिला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत देण्यासाठी माझ्या पेटीत ठेवला. तो मुद्देसूद उतरला होता, हे नमूद करणे भाग आहे. मामांच्या घरची पाच माणसे त्या एका कामावर जगत होती. सायंकाळी मामा आले आणि त्यांनी तो अर्ज माझ्याकडून वाचून घेतला.

"झ्याक लिवलं! पण आठ दिवस पेटीतच राहू द्या. डोक्यात बी एक काटा असते. जास्त खाल्लं का तो भूक कमी करते, पारडं बराबर होईपर्यंत. मले काहीच करा लागत नाही."

मी हे शेटजींना सांगितले आणि त्यांनी मुदत दिली. परंतु त्यांना वेगळाच संशय होता. "उपाशी राहून उतरवशील! दोन्ही टाइम माझ्या घरी, माझ्या डोळ्यासमोर जेवायचं." साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली.

पहिल्याच दिवशी पुरणपोळी आणि तुपाची वाटी होती. अर्ध्या पोळीनंतर मामांनी ताट सरकवले.

"खा ना मामा, काऊन थांबला?"

"मी नाही थांबलो, शेटजी. आतून कोणी हात धरला."

शेठाणीबाई ओशाळल्या. "माझं काही चुकलं का हो?"

"नाही, बाई. पोळी लई गोड हाय. माही भूकच गावाले गेली."

अन्न वाया जाऊ नये म्हणून उरलेले मी स्वीकारले. रोजच स्वीकारीत गेलो. सातव्या दिवशी मात्र मामांनी आपणहून दुसरी भाकरी मागितली. शेटजी दचकले. "आली का भूक?"

"आली. म्हणजे पारडं बराबर झालं."

बाजारी शेटजींनी स्वतःच्या हाताने वजने ठेवली. नेमकी पासष्ट किलो. सगळा बाजार श्वास रोखून उभा होता. दांडी थोडी डुलली आणि सरळ झाली. लोकांनी टोप्या उडवल्या. शेटजींनी माझ्याकडून अर्ज घेऊन चार तुकडे केले. मला क्षणभर वाईट वाटले, भाषा चांगली साधली होती.

"आता साक्षीदाराले बसवा," मामा म्हणाले. वजनांवर वजने चढली, तरी माझे पारडे जागचे हलेना. हसून हसून शेटजींच्या डोळ्यांत पाणी आले. मामा कानाशी म्हणाले, "काटा तुमचा बी चांगला हाय, मुन्शीजी. पण तुम्ही त्याचं ऐकतच नाही."

पुढे कित्येक वर्षांनी मामा वारले आणि त्यांच्या तेरवीची, तेराव्या दिवसाची, पंगत बसली. शेटजी, वय झालेले असूनही, स्वतः वाढायला उभे होते. दोन लाडू मी संपवले. तिसरा वाढायला ते वाकले, तेव्हा माझा हात पत्रावळीवर आडवा झाला.

"घ्या ना, मुन्शीजी. काऊन थांबले?"

"मी नाही थांबलो," मी म्हणालो, आणि आम्ही दोघेही त्या पंगतीत मोठ्याने हसलो.