गुलालात हरवलेला बॉल

गुलालाचा वास आला की मला कोरेगावचं मैदान आठवतं. बेसबॉलची फायनल, आम्ही एका रननं मागं, दोघी आउट, तिसरी झाली की खेळ संपला, आणि मी तिसऱ्या बेसवर, होमच्या अलीकडं. आमच्या शेवटच्या बॅटरचा, माणदेशातल्या मेंढपाळाच्या पोरीचा, तिसऱ्या स्ट्राइकलाही बॉल हुकला आणि जिंकलो समजून समोरच्या पोरींनी गुलाल उधळला. पण बॉल तिच्या मागं बसलेल्या कॅचरच्या हातून सुटला होता, आणि अशा वेळी बॅटरला पळता येतं. ती पळाली. त्या लाल धुरळ्यात बॉल कुणाला सापडेना. मी बघतच राहिले, तोवर ती बेसमागून बेस घेत माझ्या पाठीशी! “आगं, पळ की! बॉल पडलाय!” म्हणत तिनं मला ढकललं, आणि दोघी होमला पोचलो. दोन रन, आम्ही जिंकलो! स्कोअरशीटवर तिच्या नावापुढं मात्र स्ट्राइकआउटच लागला; तीन स्ट्राइक झाले की पळून पोचली तरी नोंद तीच, नियमच तसा. आता मी मुलींना स्कोअर लिहायला शिकवते. “मॅडम, स्ट्राइकआउट म्हंजे संपलंच न्हवं?” असं कुणी विचारलं, की उत्तराआधी मी त्या लाल धुरळ्याची गोष्ट सांगते.