मेतोदीची मान

व्रबोवो गावात मेतोदी गवंड्याचा आवाज चर्चच्या घंटेखालोखाल ओळखीचा होता. परांचीवर उभा राहून तो चुना मागायचा, तेव्हा पलीकडच्या आळीतल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या. मग त्याच्या घशात गाठ झाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजही काढून घेतला आणि श्वासासाठी गळ्याच्या खळगीत एक भोक ठेवलं. त्यावर तो रुमाल बांधायचा. आता त्याला शिट्टी वाजवता येत नव्हती, गरम सूपवर फुंकर मारता येत नव्हती, आणि बायकोशी भांडता तर मुळीच येत नव्हतं.

याचा जास्त त्रास बायकोला झाला. वेलिकाच्या तोंडाचा पट्टा सकाळी चूल पेटायच्या आधी सुरू व्हायचा आणि त्याला समोरून उत्तर लागायचं. मुक्या माणसावर ओरडण्यात चव नाही, शिवाय देव बघतो ते वेगळंच. मुलगी स्पेनला स्ट्रॉबेरी खुडायला गेली ती तिकडचीच झाली होती, त्यामुळे घरात तिसरं माणूस नव्हतं. मग वेलिका कुत्र्याशी बोलायला लागली.

कुत्र्याचं नाव कोपचे, म्हणजे गुंडी. होताही तेवढाच. आखूड पाय, गोल पोट, आणि एक कान जन्मापासून दुमडलेला.

"कोपचे, तुझ्या धन्याला सांग, सूप निवतंय."

"कोपचे, विचार त्याला, दारात चिखलाचे बूट कुणी टाकलेत? पाद्रीबाबा टाकून गेले का?"

कोपचे एकदा हिच्याकडे बघायचा, एकदा त्याच्याकडे, आणि मेतोदी मान हलवून जबाब द्यायचा. कधी वेलिका कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "तुला म्हणून सांगते, काल रात्रभर त्याचा श्वास ऐकत पडले होते मी." हे कुणाला सांगितलंय ते तिघांनाही कळायचं. खरं सांगायचं तर मेतोदीला आवाज होता तेव्हा या घरात इतकं सरळ बोलणं कधी झालंच नव्हतं.

हॉस्पिटलातून त्याला गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून येणारा आवाज पत्र्याच्या डब्यात अडकलेल्या माशीसारखा. मेतोदीने ते पहिल्यांदा लावलं आणि कोपचे पलंगाखाली जाऊन जो भुंकत बसला तो दुसऱ्या दिवशीच बाहेर आला. मेतोदीने यंत्र कपाटात टाकून दिलं. कुत्र्याला पटत नाही तो आवाज कशाला हवा, असा त्याचा हिशोब.

राहिली मान. पण मेतोदीच्या मानेचं एक प्रकरण होतं. आमच्याकडे हो म्हणायचं तर मान आडवी हलवतात आणि नाही म्हणायचं तर वरखाली. बाकीचं जग उलटं करतं, त्याला आमचा इलाज नाही. तरुणपणी मेतोदी जर्मनीत बांधकामावर गेला होता. पहिल्याच आठवड्यात मुकादमाने भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "ओळंब्यात आहे ना?" मेतोदीने मोठ्या अभिमानाने मान आडवी हलवली. मुकादमाने अख्खी भिंत पाडायला लावली. तेव्हापासून परक्या माणसापुढे त्यांच्या पद्धतीने मान हलवायची, ही गाठ त्याने मनाशी बांधून ठेवली. परत आल्यावर गुत्त्यात बसून तो ही गोष्ट सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "तुम्ही लोक व्रबोवोच्या बाहेर पडला नाहीत ना, म्हणून तुमची मान एकाच बाजूला फिरते."

त्या वर्षी द्राक्षं उतरवून झाल्यावर तो गळ्याच्या भोकावरच्या पट्ट्या आणायला बसने लोम शहरात गेला. कोपचे बरोबर होताच. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, कारण धन्याच्या टाचेला चिकटून चालणाऱ्या कुत्र्याला आमच्याकडे कुणी पट्टा बांधत नाही. औषधाच्या दुकानापाशी एक पांढरी गाडी उभी होती. तिच्याशेजारची उंच, पिंगट केसांची मुलगी कोपचेसमोर उकिडवी बसली आणि वर बघून तिने विचारलं,

"आजोबा, हा तुमचा का?"

बोलली आमच्याच भाषेत, पण उच्चार परक्या देशाचे वाटत होते. मेतोदीने क्षणभर विचार केला. पाहुणी दिसतेय, बिचारीला आपली मान कळायची नाही. त्याने ठसठशीत वरखाली मान हलवली आणि वर हसला. मुलगीही हसली. तिने खिशातून काहीतरी खाऊ काढला. कोपचेचे लाड होताहेत हे बघून मेतोदी खुशीत दुकानात शिरला.

बाहेर आला तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. गाडीही नव्हती.

आवाज असता तर लोम दणाणलं असतं. तो बाजारभर टाळ्या वाजवत फिरला, आणि लोक या म्हाताऱ्याला चढलीय म्हणून बाजूला होत राहिले. शेवटी औषधवाल्या बाईने त्याच्या हातवाऱ्यांचा अर्थ लावला. "ती डच पोरगी असेल. फेम्के. बेवारशी कुत्री गोळा करून तिकडे हॉलंडला पाठवते." आमच्याकडून पश्चिमेला सगळंच जातं. गवंडी जातात, नर्सा जातात, पोरी जातात. आता कुत्र्यांचीही रवानगी सुरू झाली होती.

घरी वेलिकाने दाराकडे बघितलं, मग त्याच्या पायांकडे. "कोपचे कुठाय?"

त्याने औषधवालीने लिहून दिलेलं फेम्केचं नाव आणि फोन नंबर पुढे केला आणि हातांनी सगळं सांगितलं.

"पण तिने तुला विचारलं असेल ना? तू काय केलंस? करून दाखव."

मेतोदीने मान वरखाली हलवून दाखवली.

वेलिका मटकन खुर्चीत बसली. "अरे, अख्ख्या लोमला माहितेय, ती इथं राहते! वर्षानुवर्षं राहते! आपली मान वाचायला शिकलीय ती. तू तिला नाही म्हणालास, मेतोदी. माझा नाही म्हणून सांगितलंस आणि वर हसलास!"

मेतोदीने रुमालाची गाठ घट्ट केली.

"जन्मभर खेचरासारखा अडून बसलास. माझ्या आईसाठी कधी खुर्चीतून उठला नाहीस. आणि पाहुणचार सुचला तो आत्ता? या पोरीसाठी?"

मधे कुत्रा नव्हता. एकेक शब्द सरळ येऊन लागत होता. आणि त्यानंतरच्या दिवसांत तर शब्दही येईनासे झाले. वेलिका ताट त्याच्यासमोर ठेवायची आणि सूप निवतंय हे सांगायला कुणी नसल्यामुळे ते निवायचं. ती रोज फोन लावायची. एक दिवस तिकडून उत्तर मिळालं की कुत्रा तर केव्हाच रवाना झाला, पण फेम्के स्वतः येऊन भेटेल.

ती आली तेव्हा वेलिकाने चीजची बानित्सा भाजून ठेवली होती आणि मेतोदीला लग्नाकार्यातला शर्ट घालायला लावला होता. पोरगी वाईट नव्हती, हे कबूल करायला हवं. ती रडवेली झाली होती.

"मी मुद्दाम नीट बघितलं हो, आज्जी. तुमच्याकडे उलटं असतं ना, म्हणून दोनदा बघितलं. त्यांनी साफ नाही म्हटलं."

"माहितेय मला त्याने काय म्हटलं ते. पुढे बोल."

"तो खूप चांगल्या घरी आहे. त्यांची छोटी मुलगी त्याला पिप म्हणते. पण मी त्यांना सगळं सांगितलंय. कागद नाहीत, पट्टा नव्हता, त्यामुळे त्यांनाही कळेना. मग असं ठरलंय की आत्ता व्हिडिओवर त्याने तुम्हाला ओळखलं, तर ते परत पाठवतील. मी स्वतः घेऊन येईन."

वेलिकाने मेतोदीकडे बघितलं. कित्येक दिवसांनी बघितलं.

फेम्केने फोन टेबलावर उभा केला. तिकडे एक चकचकीत लाकडी जमीन दिसली, एका बाईचे पाय, एक लहान मुलगी, आणि पिवळा स्वेटर घातलेला कोपचे. जरा सुटला होता.

"कोपचे! ए कोपचे! इकडे बघ, बाळा!"

कोपचेने छताकडे बघितलं. मग दाराकडे. मग जांभई दिली.

"अरे मी आहे! रोज माझ्या हातचं खाल्लंस ना, मेल्या? कोपचे!"

तो पुढच्या पायांवर हनुवटी टेकून आडवा झाला. वेलिकाचा आवाज चिरकला. इतकी वर्षं ती याच्याशी बोलत आली होती, आणि तो बघत होता ते धन्याचा जबाब काय येतोय ते, हे तिला त्या टेबलापाशी कळलं. तिने मेतोदीचा दंड धरून त्याला फोनसमोर ओढलं. "तू बोलाव."

फेम्केने चमकून तिच्याकडे पाहिलं. मुका माणूस काय बोलावणार? मेतोदीने रुमाल सोडला, फोनवर वाकला आणि गळ्याच्या भोकातून तीन आखूड श्वास सोडले. फस्, फस्, फस्. ऑपरेशनपासून तो कोपचेला असाच बोलवत होता.

कोपचेचा सरळ कान उभा राहिला. पुढच्या क्षणी तो धावत पडद्यापर्यंत आला, जमिनीशी सपाट झाला, कान पाडले, शेपूट पोटाखाली घेतली, अंगभर थरथरत, कुईं कुईं करत त्या चकचकीत जमिनीवर मुतला. पिल्लू असल्यापासून त्याचं हेच होतं. मेतोदी संध्याकाळी फाटकातून आत आला की आनंद त्याच्या एवढ्याशा अंगात मावायचा नाही.

"बघ! बघितलंस? ओळखलं!" वेलिकाने टाळी वाजवली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मेतोदी तर तोंड उघडून हसत होता, आणि हसण्याबरोबर गळ्याचं भोक फसफसत होतं.

तिकडे छोटी मुलगी किंचाळली. तिच्या आईने कोपचेला झटकन उचललं, पोटाशी धरलं, त्यांच्या भाषेत भराभर काहीतरी म्हणाली आणि पडदा काळा झाला.

फेम्केने फोन सावकाश उचलला. मेतोदीकडे ती आता वेगळ्याच नजरेने बघत होती.

"तो घाबरला," ती म्हणाली. "इतका घाबरलेला कुत्रा मी फार कमी वेळा पाहिलाय. आजोबा, तुम्ही त्याला मारत होतात का?"

"मारत?" वेलिकाला आधी कळलंच नाही. "अगं, आनंदाने मुतला तो! रोज मुतायचा! पुसून पुसून माझे हात झिजले!"

"आज्जी, सगळे असंच म्हणतात."

"सगळे कोण? मी सांगतेय ना तुला! कधी बोट लावलं नाही याने त्याला. याने माझ्यावर हात उगारला नाही कधी, कुत्र्यावर काय उगारेल?"

"ते म्हणतात, अशा घरी त्याला परत पाठवणार नाहीत. आणि मलाही ते पटतंय." फेम्के उठली. दारापाशी थांबून, आवाज अगदी मऊ ठेवून तिने सांगितलं, "एक विनंती आहे. पुन्हा कुत्रा पाळू नका."

वेलिका तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. गाडी गेली. टेबलावरची बानित्सा कुणी चाखलीही नव्हती.

ती स्वयंपाकघरात परतली तेव्हा मेतोदी तसाच बसला होता. त्याने रुमालाचा बोळा केला होता आणि दोन्ही हातांनी तो गळ्यावर दाबून धरला होता. चेहरा लालबुंद झाला होता, कपाळाची शीर फुगली होती. तो काय करतोय हे आधी तिच्या ध्यानात आलं नाही. मग कळलं. त्याला तो फस् फस् आवाज बाहेर येऊ द्यायचा नव्हता.

वेलिका धावली. तिने त्याची बोटं एकेक करून उपटली आणि बोळा भिरकावून दिला.

"श्वास घे, मेल्या," ती ओरडली. "श्वास तरी घे."